किरकिर पंधरा

मुरबाडच्या कचेरीकडे जाणाऱ्या गल्लीत, झेरॉक्सवाला आणि फोटो स्टुडिओ यांच्या मधल्या फटीत जयाचं दुकान होतं. फट म्हणजे फटच. एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, जयाची खुर्ची आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. दुसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्यानं उठून बाहेर उभं राहायचं, अशी वहिवाटच पडून गेली होती. पाटीवर 'जया टायपिंग व डीटीपी' असं लिहिलेलं. डीटीपी म्हणजे काय हे पाटी रंगवणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि वाचणाऱ्यालाही, पण ते नसलं तर पाटी उघडीबोडकी दिसते असं झेरॉक्सवाल्याचं मत पडलं म्हणून ते आलं.

जया मूळची किन्हवलीची. चौऱ्याण्णव साली मराठी टायपिंगची चाळीसची परीक्षा तिनं पहिल्या फटक्यात काढली आणि क्लार्कच्या नोकरीसाठी अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज स्वतःच टाइप करायची. ते इतके देखणे उतरायचे की नोकरी कुणी दिली नाही, पण ज्यानं ज्यानं अर्ज पाहिला तो म्हणाला, "मला पण असाच एक करून दे गो." लग्न होऊन मुरबाडला आली तेव्हा नवरा ज्ञानेश्वर एमआयडीसीत शिफ्टला होता आणि माहेरून आलेला टाइपरायटर घरात बसून होता. तिनं तो उचलून कचेरीसमोरच्या लिंबाखाली मांडला. दोन हजार साली लिंबाखालून ती फटीत आली आणि टाइपरायटरवरून कॉम्प्युटरवर.

टाइपरायटरवर एक सुख होतं. कागद निघाला, गिऱ्हाइकाच्या हातात पडला, विषय संपला. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं. तो प्रत्येक कागद पोटात ठेवायचा आणि ठेवताना विचारायचा, याचं नाव काय? सुरुवातीला जयाला या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं. ती बारशाला बसल्यासारखी नीट विचार करून आडनाव, नाव, असं शिस्तीत लिहायची. नाव इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागे, कारण मराठीत टाकलं की यंत्र नुसते चौकोन दाखवायचं.

ही शिस्त बुडवली धर्मा हरडनं. म्हणजे दोन धर्मा हरडांनी. टोकावड्याच्या अलीकडे एका पाड्यावर चार धर्मा हरड नांदत होते, आणि त्यातल्या दोघांच्या बापाचं नावही कोंडूच. एका धर्मानं येऊन दुसऱ्या धर्माविरुद्ध, बांध कोरला म्हणून तक्रार टाइप करून घेतली आणि उद्या नेतो म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला तो दुसरा धर्मा, रेशनकार्डाचा अर्ज न्यायला. जयानं 'हरड धर्मा' उघडलं, छापलं, त्याच्या हातात दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं मनोभावे अंगठा लावला आणि अर्ज कचेरीत नेऊन दिला: मी धर्मा कोंडू हरड, धर्मा कोंडू हरड यांनी बांध कोरला आहे, तरी त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी. तिथला कारकून म्हणे अर्ज वाचून खुर्चीवरून उठून उभा राहिला. एवढा प्रामाणिक माणूस त्यानं नोकरीत पाहिला नव्हता.

त्या दिवशी जयाच्या डोक्यात प्रकाश पडला. माणसं आपला कागद मागायला येतात तेव्हा आडनाव सांगत नाहीत, तारीख सांगत नाहीत. ती म्हणतात, "तो काढ गो, मागल्या टायमाचा, आमची म्हैस मेली होती तवाचा." मग म्हैस मेली हेच नाव का नको? माणूस दारात दिसला की बोटं आपोआप चालली पाहिजेत, ते खरं नाव. तेव्हापासून पहिला धर्मा झाला 'बांधवाला' आणि दुसरा झाला 'स्वतःवरच'. स्टुलावर बसल्या बसल्या झोपणारा धाकलू झाला 'घोरणारा'. सुनेविरुद्ध अर्ज लिहायला आलेली आणि सुनेनंच हाताला धरून आणलेली सुंदराबाई झाली 'दोघी गोड'. हां हां म्हणता चार हजारांवर फायली झाल्या आणि एकही चुकली नाही. उगीच नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असला प्रकार जयाच्या यंत्रात नव्हता. जे हातात तेच नावात.

अर्थात यातली पुष्कळ नावं तोंडावर सांगण्यासारखी नव्हती. त्यावर जयाचा बंदोबस्त सोपा होता. स्क्रीनचं तोंड भिंतीकडे, आणि गिऱ्हाइकांपैकी इंग्रजी अक्षरं वाचणारं जवळजवळ कोणी नाही.

जवळजवळ म्हटलं, कारण महिपत गुरुजी होते.

महिपत गुरुजी हेदपाड्याच्या शाळेतून चौऱ्याण्णव साली रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नव्हती. पाचवीपासूनचं इंग्रजी त्यांनीच शिकवलेलं. पाड्यावर हातपंप मोडला, खांबावरचा दिवा गेला, फाट्यावरच्या पाटीवरचं गावाचं नाव चुकलं, की गुरुजी अर्ज करणार आणि अर्ज जयाकडेच करणार. बरं, नुसता अर्ज नाही. छापलेला कागद ते तीनदा वाचत. पहिल्यांदा चुकीसाठी, दुसऱ्यांदा अर्थासाठी आणि तिसऱ्यांदा, त्यांच्याच शब्दांत, "कागदाच्या डोळ्याला डोळा भिडवण्यासाठी." मग खिशातून लाल पेन निघे. स्वल्पविराम काढ, तो परत घाल, 'विनंती' जरा डावीकडे घे. वर येण्याची वेळही ठरलेली: जया डबा उघडते ती. त्यांच्या फायलींना जयानं 'किरकिर' असं नाव दिलं होतं. किरकिर एक, किरकिर दोन, असे करत ती किरकिर चौदापर्यंत आली होती. मध्ये मध्ये राग अनावर झाला तर वेगळं नाव पडे ते निराळंच.

दोन हजार पाचच्या जानेवारीत, एका गुरुवारी दुपारी दीड वाजता, जयानं डब्याचं झाकण उघडलं आणि गुरुजी दारात उभे राहिले. जया मनात म्हणाली, घड्याळाला चावी द्यायला नको. पण गुरुजींचा चेहरा पाहून तिनं झाकण परत लावलं. चेहरा पडलेला होता.

"जया, ती यादी काढ."

कुठली ते विचारायला नको होतं. दोन हजार तीनच्या मे महिन्यात गुरुजी शाळेचे जुने हजेरीपट काखेत मारून आले होते आणि चार दिवस ठाण मांडून त्यांनी हेदपाड्याच्या शाळेत शिकलेल्या सगळ्या मुलांची यादी सांगितली होती. चौपन्न सालापासूनची चारशे बारा नावं. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून येत्या सव्वीस जानेवारीला समारंभ होता, त्यासाठी एक स्मरणिका निघायची होती आणि तिच्यात ही यादी छापायची होती. चार दिवसांत जयाची बोटं सुजली होती.

"छापलेली प्रत दिली होती की तुमाला," जया म्हणाली.

"वाळवीनं खाल्ली. कपाटात होती, हजेरीपटांबरोबर. हजेरीपटही खाल्ले. पत्र्याचं कपाट, पण मागचा पत्रा भिंतीला लागून होता." गुरुजी स्टुलावर बसले. "खाली नुसती माती राहिली गं."

"आन् यादी भरून दिलेली ती फ्लॉपी?"

गुरुजींनी पिशवीतून फ्लॉपी काढून टेबलावर ठेवली. जयानं ती हातात घेतली आणि खालीवर करून पाहिली. फ्लॉपी चकचकीत होती. तिच्या चारी बाजूंनी दोन बोटं पारदर्शक कडा होती.

"गुरुजी, हिला काय केलंत?"

"लॅमिनेट. टोकावड्याला. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करावा, मी पोरांना कायम सांगत आलोय. आता वरून कापून काढ."

जयाला हसू आवरेना आणि हसायची सोय नव्हती. यंत्राच्या उष्णतेनं फ्लॉपीची धातूची पट्टी वाकून आत रुतली होती. ती आता फक्त भिंतीवर लावायच्या उपयोगाची होती. जयानं ती हळूच बाजूला ठेवली.

"छापखान्याचा माणूस कल्याणहून आलाय," गुरुजी म्हणाले. "टोकावड्याकडे जाहिराती गोळा करायला गेलाय. पाच वाजता स्टँडवर भेटणार. आज यादी दिली नाही तर त्या चार पानांत शुभेच्छुकांचे फोटो टाकणार म्हणाला. खतवाले, वीटभट्टीवाले. चारशे बारा पोरं, जया, आणि त्यांच्या जागी गॉगल घातलेले शुभेच्छुक." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "दुसरीकडे कुठेच नाहीत ती नावं आता. फक्त तुझ्या यंत्रात आहेत."

"आहेत ना, मंग काढते की," जया म्हणाली आणि की-बोर्डवर हात ठेवला. हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की नाव आठवत नाही.

असं कधी झालं नव्हतं. माणूस दारात दिसला की बोटं चालायची. बोटं चालली होतीही, पण ती थेट 'किरकिर'कडे निघाली होती, आणि किरकिर एक ते चौदामध्ये यादी नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

"गुरुजी, तुमी जरा चहा घेऊन या. तवर काढून ठेवते."

"मी हलणार नाही," गुरुजी म्हणाले. उठून त्यांनी स्टूल टेबलाच्या अलीकडून पलीकडे, जयाच्या खांद्याशी नेऊन ठेवलं आणि चष्मा पुसून स्क्रीनकडे तोंड करून बसले. चार वर्षांत त्या बाजूला कोणी बसलं नव्हतं.

जया सावध झाली. आधी तिनं नाव न घेता शोधायचा प्रयत्न केला. नव्या सिस्टीमबरोबर यंत्रात एक पिवळा कुत्रा आला होता. काही शोधायला सांगितलं की तो स्क्रीनच्या कोपऱ्यात बसून शेपूट हलवायचा आणि वास घेत राहायचा. 'घोरणारा' धाकलू एकदा जागा असताना त्याला म्हणाला होता, "आमचा मोत्या हरवलेली शेळी काढतो गो. ह्याला घालतेस काय खायला?"

"तारखेनं शोध," गुरुजींनी फर्मावलं. "सहा ते नऊ मे दोन हजार तीन. दिनांक हा कागदाचा कणा असतो."

जयानं खाली मान घातली. "गुरुजी, मशीनचा शेल गेलाय. तीन वर्सं झाली. रोज चालू केलं की त्याच्यात एक जानेवारी असते."

"म्हणजे?"

"तवापासनच्या सगळ्या फायली एक जानेवारीच्याच हायत."

दिनांकावर आयुष्य काढलेल्या गुरुजींनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं त्यांना दुसरी युक्ती सुचली. "मग यादीतलं एखादं नाव शोधायला सांग. धाकलू बुधा. काळू गोमा. आतलं वाचेल ना तो कुत्रा?"

"त्याला मराठी येत नाय. आपल्याला दिसतं 'धाकलू', पण त्याला आत नुसती इंग्रजी अक्षरं नि टिंबं दिसतात. हा फाँटच तसा हाय."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार," गुरुजी म्हणाले. "मग राहिलं काय? नाव. नाव काय दिलं होतंस यादीला?"

इथं जयाच्या नाकी नऊ आले. "तेच जरा आठवत नाय."

"मी सांगितलेल्या बाकीच्या कागदांना काय नाव देतेस? त्यावरून कळेल. काढ ते."

भिंतीवरचं घड्याळ दोन वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. छापखान्याचा माणूस, चार पानं, गॉगलवाले शुभेच्छुक. जयानं देवाचं नाव घेतलं आणि शक्य तितक्या भराभर अक्षरं मारली. कुत्र्यानं वास घेतला आणि चौदा फायली आणून समोर टाकल्या.

गुरुजी पुढे वाकले. पाचवीच्या वर्गात वाचायचे तसे त्यांनी बोट फिरवत मोठ्यानं वाचलं. "के आय आर, के आय आर. किर. किर." ते थांबले. "कोण हा?"

"मशीनच ठेवतं तशी नावं," जया म्हणाली.

"उघड बघू."

किरकिर एक उघडलं. विषय: मौजे हेदपाडा येथील हातपंप नादुरुस्त असलेबाबत. खाली आपला नम्र, महिपत. किरकिर दोन: पुन्हा हातपंप. किरकिर सात: पुन्हा हातपंप, आणि 'विनंती' जरा डावीकडे घेतलेली.

गुरुजींनी चष्मा वर सारला. जयाचे कान तापले. तिला वाटलं, आता हे उठतील आणि पुन्हा या गल्लीत पाऊल टाकणार नाहीत. पण ते उठले नाहीत. कोरड्या आवाजात म्हणाले, "यात नाही. अजून काय काय नावं आहेत माझी?"

"गुरुजी, माफ करा—"

"माफी नंतर. पाचला गाडी आहे. टाक."

मग जयानं लाज गुंडाळून ठेवली. 'आला परत' टाकलं. निघालं ते खांबाच्या दिव्याचं पत्र. 'जेवू देत नाही' टाकलं. निघाला ग्रामसभेचा ठराव. "तेव्हा तुझ्या डब्यात भरली वांगी होती," गुरुजी म्हणाले. 'डोकं' टाकलं. निघाली पाटीवरच्या चुकीची तक्रार. 'तीन स्वल्पविराम' टाकलं, तर निघालं गुरुजींच्या मंडळींच्या वर्षश्राद्धाचं निमंत्रण. "ह्याच्यात मात्र स्वल्पविराम चारच हवे होते," गुरुजी हळूच म्हणाले. मग 'नको नको', 'लाल पेन', 'सुटले'. चार वर्षांची गुरुजींची सगळी कारकीर्द अशी एकेका शिवीच्या पोटातून बाहेर पडत होती आणि ते शेजारी बसून ती वाचत होते. यादी मात्र कशातच नव्हती.

तीन वाजून गेले. बाहेर दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली आणि आतले चेहरे पाहून झेरॉक्सवाल्याकडे सरकली. जयानं आता एकेक फाईल उघडून पाहायला सुरुवात केली, पण चार हजारांत पाच वाजेपर्यंत काय होणार? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या पद्धतीचा तिला एवढा अभिमान होता तिनंच ऐन वेळी दगा दिला होता. दुसरी कुठलीही फाईल चुकली असती तर चाललं असतं, ही नको होती.

"राहू दे," गुरुजी म्हणाले. "मी आठवून सांगतो. जितकी येतील तितकी."

ते स्टुलावरून उठले. उभं राहिल्याशिवाय त्यांना हजेरी घेता येत नसे. फटीत जागा नव्हती म्हणून एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून ते उभे राहिले, हात मागे बांधले आणि त्यांच्या वर्गातल्या आवाजात सुरू झाले. "सन चौपन्न. एक, बुधा रामा हरड. दोन, काळू गोमा. तीन, सावळी बुधा, पहिली मुलगी हो ती शाळेतली." जया टाइप करत होती. वीस नावं झाली, तीस झाली. एकतिसावं आठवेना. गुरुजींनी कपाळ चोळलं. पायाची चप्पल वाजवली. "घारे डोळे होते त्याचे. डोळे आठवतात आणि नाव नाही आठवत." मग ते तसेच पुढे गेले. चाळीस. पन्नास. आवाज हळूहळू थकत चालला. चारशे बारा होणार नव्हती हे दोघांनाही कळत होतं.

"सन अठ्ठावन्न. वाळू कोंडू विशे, मूळ गाव किन्हवली, इथं मामाकडे राहणारा. गणितात एक नंबर. तिसरीतून गेला, गुरं राखायला नेलं मामानं." गुरुजी थांबले. मग त्यांना थोडं हसू आलं. "ह्यानं हजेरीला कधी 'हजर' म्हटलं नाही. बोलायचाच नाही. नुसता हात वर करायचा. मी सांगायचो, अरे तोंडानं बोल, तर दोन्ही हात वर करायचा."

जयाची बोटं थांबली.

"हात का थांबला?" गुरुजी म्हणाले. आणि तेच वाक्य, त्याच ठिकाणी, त्यांनी दोन हजार तीनच्या मे महिन्यातही म्हटलं होतं.

तेव्हा जया काही बोलली नव्हती. बोट पुढे चालवलं होतं आणि पुढचं नाव टाइप केलं होतं. वाळू कोंडू विशे हे तिचे अप्पा. टायपिंगच्या परीक्षेचा निकाल लागला त्याच्या पुढच्याच वर्षी गेले. घरातही बोलायचे नाहीत. जयाचा टाइपरायटर त्यांनी किन्हवलीच्या स्टँडवरून घरापर्यंत डोक्यावर आणला आणि पाटावर ठेवला, तेव्हाही काही म्हणाले नाहीत. ते तिसरीपर्यंत कुठल्या तरी शाळेत होते एवढंच घरात माहीत होतं. त्यांचा फोटो एकच होता, तोही रेशनकार्डाचा. आणि त्या मे महिन्यातल्या दुपारी कुणी तरी परका माणूस भिंतीकडे बघत त्यांच्याविषयी सांगत होता, गणितात एक नंबर. चौथ्या दिवशी यादी संपली, गुरुजी गेले, यंत्रानं विचारलं, याचं नाव काय? तेव्हा जया रागात नव्हती. म्हणूनच आज सगळ्या रागात शोधून ते सापडत नव्हतं.

तिनं पाच अक्षरं मारली. हजर. पिवळ्या कुत्र्यानं शेपूट हलवली आणि एकच फाईल आणून ठेवली: 'अप्पा हजर'.

उघडली. चारशे बारा नावं, एकाखाली एक.

गुरुजी आत आले, स्टुलावर बसले आणि चष्मा लावला. आधी त्यांनी एकतिसावं नाव पाहिलं. "गोविंद! गोविंद तुकाराम घुडे!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की झेरॉक्सवाला डोकावून गेला. मग त्यांची नजर वर फाईलच्या नावाकडे गेली. ते त्यांनी बोट फिरवत वाचलं, या वेळी मनातल्या मनात. नंतर जयाकडे पाहिलं. तिचा चेहरा ओला होता आणि ती पदरानं तो पुसत नव्हती.

"वाळूची तू?" त्यांनी विचारलं.

तिनं नुसता हात वर केला.

गुरुजींनी मान फिरवून बाहेर गल्लीकडे पाहिलं. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुमी हात का थांबला म्हनालात."

पावणेचार वाजले होते. जयानं प्रिंट काढली, नव्या फ्लॉपीवर यादी घेतली आणि बजावलं, "ही तशीच द्या. लॅमिनेट नाय करायची." गुरुजींनी कागद हातात घेतला. जयाला वाटलं, आता धावतील स्टँडकडे. पण माणसाच्या स्वभावाला औषध नसतं. त्यांनी कागद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि खिशातून लाल पेन काढलं.

"गुरुजी! पाचला गाडी हाय!"

"सव्वाचार झालेत फक्त. दोनशे सातमध्ये 'महिपत' पाहिजे, तू 'मोहिते' मारलंयस. आणि वाळू कोंडू विशे यांच्यापुढे कंसात लिही."

"काय लिहू?"

"गणितात प्रथम." मग थोडं थांबून म्हणाले, "बाकी कोणापुढे काही लिहिलेलं नाही, तेव्हा लोक किरकिर करतील. करू देत."

जयानं लिहिलं. अकरा दुरुस्त्या झाल्या. नवीन कागद निघाला आणि यंत्रानं नेहमीप्रमाणे विचारलं, हे कुठल्या नावानं ठेवू? जयाचं बोट जुन्याच नावाकडे गेलं, तेवढ्यात गुरुजींनी टेबलावर पेन आपटलं.

"त्या नावाला हात लावायचा नाही. ते आहे तसंच राहील. हा दुरुस्त्यांचा कागद माझा आहे, तो वेगळा ठेव."

"कुठल्या नावानं?"

गुरुजी उठले. कागद पिशवीत घातले, धोतराचा सोगा सारखा केला आणि उंबऱ्यात वळून हजेरीच्या आवाजात म्हणाले, "किरकिर पंधरा. मला ते लक्षात ठेवायला सोपं जाईल." मग एक पाय बाहेर असतानाच त्यांनी टेबलावरचा न उघडलेला डबा पाहिला. "आणि आधी जेवून घे. वाळूची पोर उपाशी ठेवली म्हणून उद्या तोच वर विचारील मला. आता बोलायला शिकला असेल."

आणि ते स्टँडकडे धावत सुटले, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, चारशे बारा पोरं काखेत घेऊन.